गाडीवाल्यांचा प्रतिनिधी

३ सप्टेंबर, रविवार

आजपासून रोजनिशी. निमित्त मोठं आहे. आमच्या कर्लूना गावच्या कौन्सिलने ‘रस्ता सगळ्यांचा’ नावाची समिती काढली आहे आणि गाडीवाल्यांचा प्रतिनिधी म्हणून माझी, म्हणजे नेव्हिल पास्कोची, निवड झाली. बिनविरोध. दुसरं कोणी उभंच राहिलं नाही, यातच सगळं आलं. चाळीस वर्षं गाडी चालवतोय, आजवर एकही अपघात नाही. आजूबाजूला झालेत काही, पण ते त्यांचे.

समितीत चौघं. अध्यक्ष कौन्सिलच्या रोवेनाबाई. मोटरसायकलवाल्यांतर्फे डॅरिल नोस्के, गावचा टपालवाला. दिवसभर छोट्या मोटरसायकलवरून पत्रं वाटत फिरतो, त्यामुळे रस्त्यातलं आपल्यालाच कळतं अशी त्याची समजूत आहे. आणि सायकलवाल्यांतर्फे माझी बायको, ग्लेनिस. एका घरातले दोन प्रतिनिधी चालतील का, असं मी रोवेनाबाईंना प्रामाणिकपणे विचारलं. त्या म्हणाल्या, चालतील काय, पळतील, बैठक सुरू असेपर्यंत तुम्ही खोलीत आहात हे तरी आम्हाला ठाऊक असेल. बाईंना माझा आधार वाटतो.

८ ऑक्टोबरला इस्पितळाच्या डायलिसिससाठी निधी गोळा करायला सायकल फेरी आहे, इथून मेरिगमपर्यंत. फेरीच्या मागे मदतीची गाडी लागते. पाणी, पंक्चरचं सामान, दमलेल्यांना उचलायला जागा. ती गाडी माझी असणार. ग्लेनिसला सांगितलं. ती म्हणाली, बघू.

४ सप्टेंबर, सोमवार

कालचं एक लिहायचं राहिलं. मदतीची गाडी मला का हवी? ग्लेनिस इस्पितळाच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यापासून सायकल चालवते. सकाळी टोळक्याबरोबर जाते, हसत हसत परत येते. काय झालं विचारलं तर म्हणते, काही नाही रे. मला त्या ‘काही नाही’मध्ये असायचंय. ती पुढे, मी मागे, सावकाश, तिला सांभाळत. खरं कारण एवढंच. समितीत सांगण्यासारखं नाही.

७ सप्टेंबर, गुरुवार

पहिली बैठक. कायदा सगळ्यांना पाठ: सायकलवाल्याला ओलांडताना गावात एक मीटर अंतर, बाहेर वेगाच्या रस्त्यावर दीड. मी म्हटलं, एक मीटर म्हणजे नेमका केवढा, प्रत्येकाने हात पसरून दाखवा. सगळ्यांनी दाखवला. मीही दाखवला. ग्लेनिस म्हणाली, नेव्ह, हा तर पावाचा लोफ झाला. डॅरिल टेबलावर डोकं ठेवून हसला. टपालखात्यात शिस्त उरलेली नाही.

मुद्दा असा की हाताचा भरवसा नाही. मीटर गाडीलाच असायला हवा. विचार करतोय.

९ सप्टेंबर, शनिवार, सकाळ

सुचलं. नातवंडांची पोहायच्या तलावातली फोमची नळी, रंग गुलाबी. कापून बरोबर एक मीटर केली आणि पिकअपच्या डाव्या अंगाला आडवी बांधली. नळी कोणाला लागली नाही की अंतर बरोबर. इतकं साधं शास्त्र आजवर कोणाला कसं सुचलं नाही?

त्याच दिवशी, दुपार

चाचणी झाली. नळी कशाकशाला लागली: समोरच्या थेल्माच्या पत्रपेटीला, बेकरीबाहेरच्या फळ्याला, कचऱ्याच्या डब्यांच्या आख्ख्या रांगेला, आणि रस्ता ओलांडायला थांबलेल्या रोवेनाबाईंना. कमरेत. फोमच तो, लागत नाही. बाई उगाच खाली बसल्या.

निष्कर्ष: नळी उत्तम काम करते. पूर्वी असं काही लागायचं तेव्हा कळायचंसुद्धा नाही.

ग्लेनिसने संध्याकाळी नळी सोडून आणली आणि कपाटावर ठेवली. का, विचारलं. म्हणाली, रोवेनाचा फोन आला होता. बाईंनी फोन करून अभिनंदन केलं असणार, पण ग्लेनिस अशा गोष्टी सांगत नाही. डोक्यात हवा जाईल म्हणून.

११ सप्टेंबर, सोमवार

हल्ली ग्लेनिस रोज जेवताना विचारते, उद्या गाडी कधी काढणार? आधी कधी एवढी चौकशी करत नसे. मी सांगतो, नऊला, किंवा दहाला. ती मान डोलावते आणि फोनवर काहीतरी लिहिते. बहुधा लक्षात राहावं म्हणून. इतक्या वर्षांनी नवऱ्याची काळजी वाटायला लागणं, याला नशीब लागतं.

थेल्माचंही तसंच. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, एकटी, दिवसभर काचेच्या व्हरांड्यात बसलेली. मी पिकअप बाहेर काढली रे काढली की तिच्या हातात फोन. मुलीची आठवण येत असणार, जाणारी गाडी बघून. मी स्टिअरिंगवरून बोट उचलून नमस्कार करतो. तीही फोन हलवते.

१३ सप्टेंबर, बुधवार

आज मेरिगमच्या रस्त्यावर एक सायकलवाला भेटला. बाहेरगावचा होता. तो दचकू नये म्हणून मागून दोनदा हॉर्न दिला, प्रेमाने. मी आलोय, निर्धास्त राहा, एवढाच त्याचा अर्थ. तो सरळ मोहरीसारख्या पिवळ्या कनोलाच्या शेतात शिरला. आरशात पाहिलं तर कमरेइतक्या फुलांत उभा, दोन्ही हात वर. सप्टेंबरात, म्हणजे आमच्याकडच्या वसंतात, हा भाग फार सुंदर दिसतो, बाहेरच्या माणसाला राहवत नाही.

१८ सप्टेंबर, सोमवार

दुसरी बैठक. गाडी कडेला लावून दार उघडताना मागून येणाऱ्या दुचाकीला दार लागतं, यावर डॅरिल बराच वेळ बोलला. उपाय असा की दार जवळच्या हाताने उघडायचंच नाही. लांबच्या, म्हणजे डाव्या हाताने उघडायचं. त्यात अंग वळतं आणि मान आपोआप मागे जाते. पद्धत आवडली. उद्यापासून लागू.

१९ सप्टेंबर, मंगळवार

लागू केली. बेकरीसमोर. डाव्या हाताने दार उघडलं, अगदी शिकवल्याप्रमाणे. मान मात्र वळली नाही, मानेचं माझं जुनं दुखणं आहे. दारापाशी डॅरिल. त्याने मोटरसायकल आडवी घालून थांबवली, सगळी पत्रं रस्त्यावर. मी गोळा करू लागलो. तो दाराकडे बघत राहिला. पद्धतीत सुधारणा सुचत असावी. मग म्हणाला, नेव्ह, तू माझा शाळेपासूनचा मित्र आहेस, म्हणून मी आत्ता इथून निघून जातो.

संकल्प: मानेला मालिश.

२१ सप्टेंबर, गुरुवार

गेला आठवडाभर मी मुद्दाम निरीक्षण करतोय. रोज गाडी काढतो, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या रस्त्यांनी. सायकलवाला एकही नाही. डॅरिल सोडला तर मोटरसायकलवाला एकही नाही. शाळेसमोर नाही, इस्पितळाच्या चढावर नाही. परवा एका झाडामागे चार सायकली टेकलेल्या दिसल्या, पण माणसं कुठेच नव्हती. गंमत म्हणजे झाड निलगिरीचं, बारीकसं, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी कोपरं दिसत होती.

सायकलीचा छंद ओसरत चाललाय. ग्लेनिसला सांगावं का? वाईट वाटेल तिला.

२५ सप्टेंबर, सोमवार

तिसरी बैठक. माझा अहवाल वाचला: गाडीवाल्यांच्या प्रतिनिधीने पदभार घेतल्यापासून गावात दुचाकीचा एकही अपघात नाही, आणि रस्त्यावर एकही दुचाकी नाही. पुढे सुचवलं की मेरिगमच्या रस्त्याची कड डांबरी करून रुंद करायचा विचार सोडून द्यावा, कारण तिथे जातंच कोण? रोवेनाबाईंना जोराचा खोकला आला. त्या पाणी प्यायला बाहेर गेल्या त्या बराच वेळ आल्याच नाहीत. डॅरिल छताकडे बघत होता. ग्लेनिस खिडकीबाहेर.

घरी येताना मदतीच्या गाडीचं पुन्हा विचारलं. मुली काय म्हणतात ते विचारते, म्हणाली. मुली म्हणजे तिचं टोळकं, सगळ्या साठीच्या पुढच्या.

२८ सप्टेंबर, गुरुवार

मदतीची गाडी थेल्माला दिली.

थेल्माला! जी आयुष्यात ताशी चाळीसच्या वर गेलेली नाही. जिची निळी गाडी गॅरेजमधून निघेपर्यंत आत बसलेल्याला भूक लागते. मी ग्लेनिसला म्हटलं, तुझ्या मागे मी नको आणि ही चालेल? ती भांडी विसळत होती. म्हणाली, नेव्ह, माझ्या पाठीमागे कोण आहे ते मला ठाऊक असलं की माझ्याने सायकल चालवणं होतं. मी म्हटलं, मग मी नाही का ठाऊक? ती म्हणाली, तू ठाऊक आहेस.

वाईट वाटलं. हे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो, फार वाईट वाटलं.

२ ऑक्टोबर, सोमवार

खचायचं नाही. ग्लेनिसला वाटतं मला सायकलवाल्याच्या जागी उभं राहता येत नाही. ठीक आहे. उद्या ती उठायच्या आत तिची सायकल घेऊन मेरिगमच्या रस्त्याने जाऊन येतो. परत आलो की चहा पिता पिता सहज सांगेन: अगं, त्या धान्याच्या सायलोच्या वळणावर कड जरा खडबडीत आहे, फेरीच्या वेळी सांभाळा. ती थक्क होईल. गाडी माझी.

३ ऑक्टोबर, मंगळवार, दुपार

जे झालं ते क्रमाने लिहितो.

सात वाजता निघालो. मॅगपाय पक्ष्यांचे अंडी घालायचे दिवस, मागून येऊन डोक्यावर झेपा घेतात, म्हणून हेल्मेटवर आइस्क्रीमचा रिकामा डबा घातला. पक्ष्यांना धाक म्हणून मागच्या बाजूला दोन डोळे रंगवलेला, नातवाचा. गळपट्टा नाकापर्यंत. काळा चष्मा.

पाऊण तास कसाबसा गेलो आणि बघतो तर रस्ता भरलेला. इस्पितळाच्या नर्सा, शाळेची पोरं, बेकरीवाला, ग्लेनिसच्या टोळक्यातल्या दोघी, तीन चाकांच्या सायकलवरून एक आजोबा. दोन मोटरसायकली, अगदी रमतगमत. सगळे एकमेकांशी बोलत, हसत. मला वाटलं, आज काही सण आहे का? कोणीही डब्याकडे वळून पाहिलं नाही, कारण निम्म्यांच्या डोक्यावर डबे होते. एका बाईने मला सकाळ छान पडलीये ना, असं विचारलं. मी हो म्हटलं. खरंच छान होती.

मग सगळ्यांचे फोन वाजले. एकदमच. आणि सगळे ब्रेक लावून, उतरून, सायकली घेऊन कडेच्या खडीवर. मोटरसायकलवालेसुद्धा. मला वाटलं मॅगपाय. मी तसाच रस्त्यावर. कोणीतरी माझं कोपर धरून बाजूला ओढलं. इस्पितळातली नवी नर्स होती, लोसा, सामोआची. गावात येऊन तिला महिनाच झालाय. म्हणाली, काका, उतरा खाली, पिकअप निघाली.

कुठली पिकअप, मी विचारलं.

पांढरी हो, पुढे तो लोखंडी दांडा असलेली. तुम्हाला ग्रुपवर घेतलं नाही का कोणी? समोरच्या थेल्मा आजी लक्ष ठेवतात, गाडी निघाली की कळवतात. माणूस वाईट नाहीये म्हणे, फक्त त्याला आपण दिसत नाही.

हे सुरू कोणी केलं, मी विचारलं. मला वाटलं डॅरिल म्हणेल.

त्याच्या बायकोनेच, लोसा म्हणाली. बिचारी रोज रात्री त्याला विचारून ठेवते उद्या कधी निघणार. तुम्ही जरा मागे सरा ना काका, अजून मागे.

मी मागे सरलो. काय करणार? सगळ्या गावाबरोबर, आइस्क्रीमचा डबा घालून, मी जाण्याची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. शाळेतला एक पोरगा म्हणाला, म्हातारा गेला की निघू, गणिताचा तास आहे. त्याच्या शेजारचा म्हणाला, सावकाश जाऊ दे म्हाताऱ्याला.

आणि मी आलो. म्हणजे माझी पिकअप आली. लांबूनच वेग कमी केलेला. आमच्यापासून चांगली दोन मीटर बाजूला सरून, हळूच, खडीचा एक दगड न उडवता. माझी गाडी इतकी सभ्य चालते हे मला माहीत नव्हतं.

तेवढ्यात मागून डॅरिल मोटरसायकलवर पोहोचला. तोही उतरला, आमच्या रांगेत येऊन उभा राहिला. माझ्या बुटांकडे बघितलं, वर डब्याकडे बघितलं. मग म्हणाला, नेव्ह, तू जर इथे आहेस तर गाडी कोण चालवतंय?

सगळी रांग माझ्याकडे वळली. लोसाने माझं कोपर सोडलं.

पिकअप पुढे जाऊन थांबली. ग्लेनिस उतरली, नाइट गाऊनवर माझा कोट घालून. मी घरात नाही आणि सायकलही नाही म्हटल्यावर ती मला शोधत निघाली होती. थेल्माने नुसती गाडी पाहिली आणि कळवून टाकलं. ग्लेनिसने माझ्याकडे पाहिलं, मग रांगेकडे, मग परत माझ्याकडे. मी म्हटलं, सायलोच्या वळणावर कड जरा खडबडीत आहे.

५ ऑक्टोबर, गुरुवार

दोन दिवस घरात बोलणं नाही. मी बोलत नव्हतो. प्रतिनिधीचा असा अपमान. लोक रस्त्यावर दिसू न देता वर अहवाल लिहायला लावला. आज शेवटी ग्लेनिसला म्हटलं, सगळ्या गावासमोर तू माझं हसं केलंस. एवढा काय मी वाईट चालवतो?

तिने चहा ओतला. म्हणाली, जुलैमध्ये एकदा घरी येऊन तू मला गोष्ट सांगितली होतीस. सायलोच्या वळणावर एक बाई सायकलवर होती, आणि तू गेल्यावर बदकासारखी डुलत डुलत खड्ड्यात गेली. नक्कल करून दाखवलीस. आठवतं?

आठवत होतं. नक्कल चांगली जमली होती.

ग्लेनिस म्हणाली, ती मीच होते नेव्ह. तुझा आरसा माझ्या बाहीला घासून गेला. तू माझ्या आधी घरी पोहोचलास, मी मागच्या दाराने येऊन गुडघा धुतला, आणि तुझी गोष्ट ऐकली. तू मला बघितलंस, आणि मी कोण ते तुला दिसलं नाही.

त्या दिवशी उन्हं डोळ्यांवर होती. शिवाय तिने नवीन जॅकेट घातलं असणार. शिवाय वळण आहे.

हे तिला सांगितलं नाही. कपातला चहा संपवला. मग म्हटलं, मला फक्त तुझ्या मागे असायचं होतं, सांभाळायला. ती म्हणाली, राहायचंय ना मागे? मग सायकलवर राहा.

८ ऑक्टोबर, रविवार, संध्याकाळ

फेरी झाली. डॅरिलने त्याची जुनी सायकल दिली. सगळ्यांना एकसारखे पिवळे टी-शर्ट. पिकअपच्या किल्ल्या थेल्माकडे, ग्लेनिसच्या सांगण्यावरून. सुरुवातीला मैदानात गर्दी, मग रस्ता मोकळा झाला आणि ती माझ्या पुढे लागली. पिवळी पाठ, एका लयीत. मी मागे. ठरल्याप्रमाणे.

धान्याचा एक ट्रक गेला, दीड मीटर सोडून, तरी सायकल पानासारखी हलली. एका गाडीवाल्याने मागून प्रेमाने हॉर्न दिला आणि माझ्या छातीत जे काही झालं ते लिहिण्यासारखं नाही. हॉर्नचा विषय पुढच्या बैठकीत घेणार. पण प्रत्येक गाडीच्या वेळी मी मनात म्हणत होतो, आधी माझ्यापाशी ये, मग तिच्यापाशी जा. पिवळ्या पाठीवरून नजर काढली नाही. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. केवढा विश्वास, म्हटलं. डोळे भरून आले. वाराही होता.

सायलोपाशी पाण्यासाठी थांबलो. पाठ वळली. तिला दाढी होती. मेरिगमच्या शाळेचे हेडमास्तर.

फेरीबरोबर मोटरसायकलवरून आलेला डॅरिल तिथे पाणी वाटत होता. मी घाबरून विचारलं, ग्लेनिस कुठाय? तो म्हणाला, तुझ्या मागे. निघाल्यापासून तुझ्या मागेच आहे, रहदारीच्या बाजूने, तुला कोणी उडवू नये म्हणून. तू बघितलं नाहीस?

वळून बघितलं. होती. सायकल टेकवून घाम पुसत होती. म्हणाली, पाणी पी आधी.

तिथून पुढे मी दर मिनिटाला मागे बघायला लागलो. होती. पुन्हा बघितलं. होती. असं करताना दोनदा पडलो, दुसऱ्यांदा गुडघ्यावर. ग्लेनिसने हात देऊन उठवलं आणि थेल्माच्या गाडीत बसवलं. दमलेल्यांसाठी जागा होतीच.

म्हणजे शेवटचे दहा किलोमीटर मी मदतीच्या गाडीतच होतो. ग्लेनिस पुढे, आम्ही मागे, सावकाश, अगदी मी ठरवलं होतं तसं. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. गाडी थेल्मा चालवत होती.